उजेडात धरलेलं पाणी

आमच्या घरात खुर्ची आहे, पलंग आहे, दारापुढे चांगला ओटाही आहे, पण आमचे हे त्यातल्या कशावर टेकतील तर शपथ. मधुकरराव सोमकुवर, मुक्काम इंदोरा, नागपूर. सदरमधल्या सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासतात आणि घरी आले की माझा जीव खातात. जेवता जेवता उठून नळ टपकत नाही ना ते पाहून येतात. उन्हाळ्यात नळाला पाणीच नसतं, तरी पाहून येतात. पाहुण्यांशी बोलताना पाय असा हलवतात की पलीकडच्या माणसाच्या बशीतला चहा हिंदकळतो. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, नवा संसार आहे, माणूस बावरला असेल. आता आमची पोरं कॉलेजात जायला लागली, तरी हा माणूस बावरलेलाच.

आणि पाणी प्यायची तऱ्हा तर विचारूच नका. गिलास हातात दिला की आधी खिडकीकडे धरतील. एक डोळा बारीक करून आरपार पाहतील. मग नाकाशी नेतील. मग पितील. अहो, पाणी आहे ते, दाखवायला आणलेली नवरी नाही, असं मी किती वेळा म्हटलं असेल. ते म्हणतात, सवय आहे. जळली मेली सवय.

पण सवय लागली कुठून तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसतीच नवऱ्याच्या नावानं बोटं मोडते. माझे सासरे मिलमध्ये रंगखात्यात होते. मिलच्या मागून एक नाला वाहायचा, आणि आत ज्या रंगाचं कापड निघालं त्या रंगाचं पाणी बाहेर यायचं. हे लहानपणी नाल्याच्या काठी उभे राहून सांगायचे, आज बाबा निळा रंग लावून राहिले, आज जांभळा. सासऱ्यांना मोठं कौतुक. नाल्यात मासे होते ते मेले, बेडूक होते ते गेले, आणि मग एक दिवस यांनी बापाला विचारलं, की रंग तर वाहून जाते, मग पाण्यात राहते काय? सासऱ्यांना उत्तर येईना. ते उत्तर शोधत शोधत हे बी.एस्सी. झाले आणि त्याच कामाला लागले.

यांचं मुख्य काम म्हणजे पाण्यात कुजणारी घाण किती मुरली आहे ते मोजायचं. डोळ्यांना पाणी नितळ दिसतं, पण आत काय विरघळलं आहे ते डोळ्यांना कळत नाही. मी स्वयंपाक करत असले की हे ओट्याशी येरझारा घालत मला समजावून सांगायचे. काचेच्या चंबूत पाणी घ्यायचं. त्यात डायक्रोमेट नावाचं नारिंगी औषध घालायचं, वरून तेजाब, आणि दोन तास उकळत ठेवायचं. पाण्यात घाण असली की ती तो नारिंगी रंग खाते. जितकी घाण जास्त तितका रंग जास्त जातो, आणि उरतो हिरवा. मग दुसरं एक औषध थेंबाथेंबानं सोडून, नारिंगी किती शिल्लक राहिला ते मोजायचं. नेमक्या थेंबाला चंबूतला रंग एकदम विटकरी होतो. तो थेंब हुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायची, आमच्याकडे संत्रं हिरव्याचं नारिंगी होते, तुमच्या चंबूत सगळं उलटंच. ते हसायचे आणि पुन्हा नळ पाहायला जायचे.

ते दोन तास उकळायचं असतं ना, तेवढा वेळ यांच्यानं निघत नाही. प्रयोगशाळेतले लोक सांगतात, सोमकुवर चंबू चढवतात आणि इमारतीला चकरा मारत सुटतात. एका पँटला तेजाबानं भोकं नाहीत असं झालं नाही, आणि बोटं तर कायमची तपकिरी.

आता माझं माहेर. नरखेडकडचं एक लहान गाव. नाव सांगत नाही, भाऊबंद अजून तिथं राहतात. संत्र्या-मोसंबीच्या बागा गावाच्या वरच्या अंगाला, आमची वस्ती खालच्या अंगाला, मधून नाला. बागा आमच्या नव्हत्या, आम्ही तिथं कामाला जायचो. पाणी वरच्या विहिरीचं. पण आमच्या बायांनी त्या विहिरीवर चढायचं नाही. काठाशी घागर ठेवून उभं राहायचं, कोणाच्या मनात आलं तर वरून ओतायचं. माझी माय, तुळसाबाई, दुपार दुपार अशी उभी राहिलेली मी पाहिली आहे. मी तिच्या लुगड्याला धरून.

छप्पन साली आमच्या वस्तीनं नागपूरला येऊन दीक्षा घेतली, आणि घरी परत आल्यावर पुढच्या उन्हाळ्यात माझा बाप नत्थू म्हणाला, आता आपली विहीर. वस्तीतल्या गड्यांनी खोदायला घेतली. खाली खडक लागला तर सुरुंग लावले. बाया डोक्यावरून दगडमाती काढायच्या. माय त्यातच. पाणी लागलं तेव्हा ते गढूळच होतं, पण बापानं पहिली बादली ओढली आणि सगळ्यांना प्यायला लावलं, तान्ह्या पोराच्या ओठालाही बोट लावलं. पाणी चवीला खारं निघालं. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. कोणी कुरकुर केली की माय म्हणायची, खारं हाय, पण आपलं हाय. बाप गेल्यावर तर ती विहिरीला घरातल्या माणसासारखी जपायची. काठावर पान पडलेलं खपायचं नाही तिला.

अशा बाईच्या घरी आमचा हा जावई. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेलो. यांना खाटेवर बसवलं, नवी सतरंजी घातली, मायनं लख्ख घासलेल्या गिलासात पाणी आणून हाती दिलं. शेजारच्या साऱ्या बाया जावई पाहायला जमलेल्या. आणि यांनी काय करावं? गिलास उचलला आणि सूर्याकडे धरला. एक डोळा बारीक. मग नाकाशी. मग प्याले. बाया तोंडाला पदर लावून खुसुखुसू हसल्या, पण माझ्या मायचा चेहरा पडला तो मी पाहिला. मला वाटलं जमीन दुभंगून आत जावं. परत येताना बसमध्ये मी यांना असं धारेवर धरलं की कंडक्टर मागे वळून पाहायला लागला. हे कळवळले. चूक झाली म्हणाले, अगदी मनापासून. तेव्हापासून हे साहेबापुढे वाद घालतील, माझ्यापुढे तर घालतातच, पण माझ्या मायपुढे गाय होतात.

बरीच वर्षं गेली. मग गावात वरच्या अंगाला मोसंबीचा रस काढायचा कारखाना आला. एका शेठचा. वस्तीतली चार पोरं कामाला लागली, आम्हालाही बरं वाटलं. पण रस काढल्यावर साली, चोथा आणि धुतलेलं पाणी टाकणार कुठं? वस्तीच्या वर एक मोठा खड्डा खणला आणि त्यात ओतत गेले. ते सगळं तिथं सडायचं आणि जमिनीत मुरायचं. एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. आधी थोडा, मग घागर आत ओढतानाच नाकाला बसेल असा. पोरांना हगवण लागली. माझ्या भावानं, मारोतीनं, वस्तीच्या वतीनं अर्ज केला. तेवढ्यात कळलं, की शेठला पहिल्या खड्ड्याशेजारी दुसरा खड्डा खणायची परवानगी हवी आहे. तालुक्याच्या कचेरीत दोन्ही गोष्टींची एकत्र सुनावणी ठरली, आणि पाणी तपासायचं काम आलं यांच्या प्रयोगशाळेकडे. अहवालात विहीर बिघडलेली निघाली तर खड्डा हलवायचा. नाही निघाली तर दुसरा खड्डा होणार, आणि मग आमची विहीर कायमची गेली म्हणून समजायचं.

यांनी साहेबांना सांगितलं, ती माझी सासुरवाडी आहे, दुसऱ्या कोणाला पाठवा. साहेब म्हणाले, दुसरं कोण आहे मोकळं? आणि चंबूतला रंग काय नातं पाहून बदलतो का? तुम्हीच जा.

मीही सोबत गेले. माहेरी जायची संधी कोण सोडतं? बसमध्ये हे बाटली मांडीवर घेऊन बसले होते, आणि दर थांब्यावर बूच पक्कं आहे ना ते पाहत होते. घरी पोचलो, तर मायनं पाय धुवायला पाणी ठेवलेलं, खाट टाकलेली, वड्याचा घाणा चुलीवर. यांनी चहा घेतला आणि बाटली घेऊन विहिरीकडे निघाले. माय आडवी आली.

"जवाई दोर वढनार अन् मी पाहात बसू? गावात तोंड दाखवाले जागा राहीन का मले? द्या ती बाटली."

यांनी सांगून पाहिलं, की नमुना स्वतःच्या हातानं घ्यायचा नियम आहे. मायनं ऐकलं नाही. आमच्याकडे जावयाला घरातलं कोणतंच काम करू देत नाहीत, स्वतःचं ताट उचलू देत नाहीत, तिथं विहिरीचा दोर म्हणजे हद्दच. दुसऱ्या कोणाचं यांनी ऐकलं नसतं. पण तो सूर्याकडे धरलेला गिलास यांच्या मनातून गेलेला नव्हता. दिली बाटली. पाण्यात खोल बुडवून काठोकाठ भरा, बूच तिथंच लावा, एवढं बजावलं. माय बाटली घेऊन, डोक्यावर कळशी घेऊन गेली आणि भरून आणली. यांनी मायच्या देखत ती ना उजेडात धरली ना नाकाशी नेली; वरून तेजाबाचे थेंब टाकले, चिठ्ठी चिकटवली आणि नमुना घेणाऱ्याच्या जागी स्वतःची सही केली. मी आत वडे तळत होते.

निघायच्या आधी मी पाय धुवायला विहिरीवर गेले होते. काय सांगू तुम्हाला! वाकून आत पाहिलं तर पाण्यावर पिवळट फेस, आणि वास असा की मी नाक धरलं. ज्या काठावर मी दोरीवरच्या उड्या मारल्या त्या काठावर मला उभं राहवेना. मला रडू आलं, आणि राग तर त्याच्यापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी हे घरी आले ते बूट न काढता आत आले. चेहरा विचित्र. म्हणाले, "नारंगीच राहिलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमची इहीर चोख आहे. नागपुरातल्या नळापरीस चोख."

मी म्हटलं, डोकं फिरलं काय? मी स्वतः नाक धरून उभी होते तिथं. ते म्हणाले, मी दोनदा लावलं. दोन्ही वेळा नारिंगी. आणि मग जी येरझार सुरू झाली, ती मी जन्मात विसरणार नाही. ओट्यावरून न्हाणीपर्यंत, न्हाणीतून ओट्यापर्यंत. ताट वाढलं तर भात कालवून तसाच ठेवून उठले. प्रयोगशाळेत सगळी काचेची भांडी पुन्हा धुतली, औषधं नवी करून पाहिली. औषधात खोट नाही, भांड्यात खोट नाही, हातात खोट नाही. साहेब अहवाल मागत होते, सुनावणी जवळ आली होती. घाण आहे असं लिहावं तर चंबू नारिंगी. घाण नाही असं लिहावं तर बायकोनं स्वतःच्या नाकानं वास घेतलेला. त्यांची तगमग पाहून मलाही अन्न गोड लागेना. मी पोरांवर उगाच ओरडत होते, भांडी आदळत होते. मला सारखं दिसायचं, की दुसरा खड्डा खणून झाला आहे आणि माझी माय विहिरीच्या काठावर बसली आहे.

मग एका सकाळी हे न्हाणीतून अर्धवट अंघोळ टाकून बाहेर आले. कानाला साबण तसाच. मला विचारतात, "तुह्या माहेरी साबणाले फेस येते काय वं?"

मी म्हटलं, "त्या पाण्यात? जलमात नाही आला. जिथं डाळ शिजत नाही तिथं फेस कुठचा येईन?"

हे तिथंच उभे, अंगावरून पाणी निथळतंय. बाटलीतल्या पाण्याचा खारटपणाही यांनी तपासला होता, नेहमीची रीत म्हणून. तो जवळजवळ नव्हताच. अगदी गोडं, हलकं पाणी. तेव्हा घाणीच्याच विचारात होते म्हणून तिकडे लक्ष गेलं नाही. आता दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. वाळूतल्या झिऱ्याचं पाणी! विहिरीला वास यायला लागल्यापासून वस्तीतल्या बाया नदीच्या वाळूत खड्डा करून प्यायचं पाणी आणत होत्या. मायच्या डोक्यावरच्या कळशीत तेच होतं. बाटली विहिरीच्या काठावर भरली गेली, पण विहिरीच्या पाण्यानं नाही.

माझ्या तर पायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्याच विहिरीचा गळा दाबायला निघाली ही बाई! मी म्हटलं, आता गुपचूप दुसरी बाटली आणा आणि ही मोरीत ओता, कोणाला कळतं? हे म्हणाले, बाटलीवर सही माझी आहे. माझी चूक मी नाही सांगितली तर उद्या शेठचा वकील सांगेल, आणि मग दुसऱ्या बाटलीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. गेले आणि साहेबांना लिहून दिलं, की नमुना मी स्वतः घेतलेला नाही, तो रद्द धरावा. साहेब तापले. खुलासा मागवला, आणि तो कागद पुढे कित्येक वर्षं यांच्या नोकरीच्या मानगुटीवर बसून राहिला. पण पुन्हा जायची परवानगी दिली.

गेलो. माय अंगणात तूर पाखडत होती. मी फाटकातूनच सुरू झाले. काय काय बोलले ते आता सांगवत नाही, मुलीनं मायला बोलू नये असंही बोलले. तिनं सूप खाली ठेवलं. नाकबूल केलं नाही. माझ्याकडे पाहिलंच नाही, यांच्याकडे पाहून बोलली.

"आमच्या हातानं पानी बाटते म्हनून लोकायनं आमाले काठावर उभं केलं, जवाईबापू. म्हनून तं ही इहीर खोदली. आता तुमचा सरकारी कागद म्हनन, की ह्या लोकायची इहीरच बाटली. ते पानी म्या माह्या हातानं भरून देऊ?"

मला ती काठाशी ठेवलेली घागर आठवली, आणि तो उजेडात धरलेला गिलास.

आणि मग मी जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. हे बसले. खाटेवर नाही, मायच्या चुलीजवळ, जमिनीवर, मांडी घालून. म्हणाले, माय, जाळ करा थोडा. पिशवीतून दोन चंबू काढले. एकात झिऱ्याचं पाणी घेतलं, एकात विहिरीचं, मारोतीनं आणून दिलेलं. दोन्हीत थोडं तेजाब टाकलं आणि लाल दवा. लाल दवा मायच्या ओळखीची; हैजाच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत सरकारी माणूस विहिरीत टाकून जायचा. दोन्ही चंबू सारखेच गुलाबी झाले. मग मायच्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवून यांनी दोन्ही चंबू त्यात उभे केले. आम्ही तिघंही पाहत बसलो. झिऱ्याचं पाणी गुलाबी राहिलं. विहिरीच्या पाण्यातला गुलाबी रंग हळूहळू मेला आणि खाली मळकट पिवळं उरलं.

माय किती तरी वेळ त्या पिवळ्याकडे पाहत होती. मग तिनं विचारलं, "ह्याच्यात आमचा दोष किती?"

"काहीच नाही, माय. हे वरच्या खड्ड्यातून उतरलं आहे. पण ते दाखवाले मले तुमच्या इहिरीचंच पाणी लागते. तुम्ही चोख पाणी देसान तं टाकणारा बी चोखच ठरते."

ती उठली. खुंटीवरचा दोर काढला, बादली घेतली आणि यांच्या हातात दिली. म्हणाली, "चाला जवाईबापू. वढा."

साऱ्या वस्तीनं पाहिलं, की तुळसाबाईचा जावई दोर ओढून राहिला. हे एवढ्यावर थांबले नाहीत. खड्ड्यातला नमुना घेतला, आणि मग वरच्या विहिरीवर गेले, ज्या विहिरीच्या काठाशी माय उभी राहायची तिथं. मायही मागे मागे आली. काठावर चढून यांच्या शेजारी उभी राहिली, हात कमरेवर. बागवाल्यांचे दोन गडी पाहत होते, कोणी शब्द काढला नाही. काढला असता तर मी होतेच.

सुनावणीला हे लाकडी पेटी घेऊन आले, आत तणसात गुंडाळलेले चंबू. साहेबांनी बजावलं होतं की अहवाल द्या आणि गप्प बसा, तमाशा नको. कचेरीत अधिकाऱ्यांपुढे शेठचा मॅनेजर बोलायला उभा राहिला. त्यानं आवाज चढवला नाही, अगदी गोड बोलला. म्हणाला, विहिरीचं पाणी खराब असेलही, आम्ही नाही म्हणत नाही. पण त्या वस्तीतल्या लोकांच्या राहण्याच्या सवयी साहेबांना माहीतच आहेत. तिथंच कपडे, तिथंच गुरं. त्यात कारखान्याचा काय दोष?

माझी माय भिंतीला टेकून बसली होती. मी तिचा हात धरला तर तो थंडगार. जे तिनं आधीच ओळखलं होतं, ज्याच्या भीतीनं तिनं कळशीतलं पाणी बाटलीत ओतलं होतं, तेच हा माणूस भरल्या कचेरीत म्हणत होता. माझ्या मनात आलं, मायच खरी ठरली, आपण हिला उगाच इथं आणलं.

हे उठले. सोबत आलेल्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी डोळे वटारले, तरी उठले. पेटी उघडून तीन चंबू अधिकाऱ्यांच्या टेबलावर ओळीनं ठेवले. वरच्या विहिरीचा नारिंगी. खड्ड्याचा गडद हिरवा. आमच्या विहिरीचा हिरवाच, जरासा पिवळट झाक असलेला. कोणता कुठला ते सांगितलं आणि म्हणाले, "दोन्ही विहिरींचा खडक एक, पाऊस एक. दोन्हींवर कपडे धुतात, दोन्हींवर गुरं येतात, मी डोळ्यांनी पाहून आलो. फरक इतकाच, की ही विहीर या खड्ड्याच्या वर आहे आणि ती खाली." आणि बसले. पाय हलायला लागला तो मला दिसला.

अधिकाऱ्यांनी आमच्या विहिरीचा चंबू उचलला आणि खिडकीकडे धरला. बराच वेळ पाहिलं. मॅनेजरला विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का? त्यानं रुमालानं मान पुसली.

दुसऱ्या खड्ड्याची परवानगी मिळाली नाही. पहिला खड्डा उपसून नाल्याच्या पार खाली, वस्तीपासून दूर हलवायचा हुकूम झाला. शेठनं चालढकल केली, मारोतीनं चपला झिजवल्या, शेवटी हलवला. पण विहीर काही हुकूम ऐकून साफ होत नाही. वस्तीनं ती उपसली, गाळ काढला, पुन्हा भरू दिली. पावसाळा झाला की हे जायचे, स्वतः दोर ओढायचे, बाटली आणायचे. माय दर वेळी विचारायची, झाली का? हे म्हणायचे, अजून नाही. तिनं एकदाही म्हटलं नाही की लिहून टाका झाली म्हणून. झिऱ्यावर जात राहिली, म्हातारपणी, वाकलेल्या कमरेनं. हिरव्यातून थोडा पिवळा निघाला, पिवळ्यातून थोडा नारिंगी.

आणि एका वर्षी चंबू नारिंगी राहिला. हे तो हातरुमालात बांधून बसमधून घेऊन गेले, मी सोबत. मायच्या हातात दिला. तिनं उलटसुलट करून पाहिला, परत दिला, आणि दोर घेऊन विहिरीवर गेली. यांनी हात पुढे केला तर ढकलला. स्वतः बादली ओढली, धापा टाकत. लख्ख घासलेला गिलास भरला आणि यांच्यापुढे धरला.

"पाहून घ्या, जवाईबापू."

ऊन चांगलं लख्ख होतं. यांनी गिलास घेतला तो सरळ तोंडाला लावला. वर धरला नाही, डोळा बारीक केला नाही, नाकाशी नेला नाही. घटाघटा प्याले, शेवटच्या थेंबापर्यंत.

मायनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "खारं लागते ना?"

"हो माय," हे म्हणाले. "तुमच्याच इहिरीचं आहे." आणि रिकामा गिलास पुन्हा पुढे केला.